मांडी घालून चालवायची आगगाडी

आमच्या सरांनी कुठल्याशा परदेशी मासिकात एक चित्र पाहिलं आणि माझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष वाया जायची वेळ आली. चित्रात एक गोरा माणूस टाय लावून खुर्चीत बसला होता, समोर पडदा, हातात दांडा, आणि म्हणे तो तिथून आगगाडी चालवत होता. गाडी कुठे, तर तिकडे लांब. सर म्हणाले, "पुढे ड्रायव्हर गाडीत नसणार, टेबलाशी असणार. तर ते टेबल केवढं असावं, खुर्ची कशी असावी, हात कुठवर पोचावा, मान किती वाकावी, हे तुम्ही काढा. नुसतं कागदावर नको, करून दाखवा."

तुम्ही म्हणजे मी आणि माझा जोडीदार. साल नव्वदीच्या मधलं, कॉलेज सांगलीचं. जोडीदार इस्लामपूरकडचा, उसाच्या रानातला, अंगानं तालमीतला आणि स्वभावानं गाय. मी साताऱ्याची. आमच्या साताऱ्याला स्टेशन आहे, पण ते गावापासून इतकं लांब की गाडी पकडायला निघालेला माणूस वाटेतच बेत बदलतो. त्यामुळे आगगाडीबद्दल मला काडीची माहिती नव्हती. पण माझ्याकडे मामा होता.

मामा मिरजेत इंजिन ड्रायव्हर होता. मी शिकायला त्याच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. होता म्हणते, कारण वर्षापूर्वी डॉक्टरनं त्याला गाडीवरून उतरवलं होतं. सगळा जन्म खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून, कंबर पिळून गाडी हाकायची खोड. सीटवर नीट बस म्हणून सांगणाऱ्यांना तो म्हणायचा, "नवऱ्यामुलागत बसून गाडी चालती व्हय?" शेवटी कंबरेनं संप केला. मग त्याला एका खोलीत बसवलं, हिरव्या-तांबड्या झेंड्या द्यायला आणि परत घ्यायला. रिटायर व्हायला काही महिने उरले होते.

आता ड्रायव्हर लोकांत एक रीत आहे. माणूस रिटायर होतो त्या दिवशी तो शेवटची फेरी आणतो. इंजिनाला झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, फलाटावर हलगी, पेढे, बायकोपोरं. सोबतचे लोक खांद्यावर घेऊन उतरवतात. मामानं असे कितीतरी जण उतरवले होते. माझ्या मामीनं त्या दिवसासाठी एक इरकली साडी घेऊन पेटीत ठेवली होती, घडीसुद्धा मोडली नव्हती. तिचं एकच म्हणणं, "सगळं आयुष्य डबा भरून दिला. ह्यांनी गाडी आणलेली म्या एकदा बी बघितली न्हाई. शेवटची तेवढी बघीन." आणि नेमकी तीच फेरी गेली. झेंड्या वाटणाऱ्याला कसली आलीय शेवटची फेरी? मामा म्हणायचा, "मला न्हाई वाईट वाटत." हे तो दिवसातून तीनदा म्हणायचा, कुणी विचारलं नसताना.

मी त्याला प्रोजेक्ट सांगितला तेव्हा त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "गाडीत ड्रायव्हरच न्हाई?"

"नाही. तो खोलीत बसणार."

"मग म्हस आडवी आली तर शिव्या कोण घालणार?"

याचं उत्तर त्या परदेशी मासिकात नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी मामा स्वतःहून कॉलेजात आला, आणि मग रोजच यायला लागला. झेंड्यांच्या खोलीतून सुटला की सायकल थेट आमच्या वर्कशॉपला.

पहिलं काम खुर्ची. पुस्तकातली मापं परदेशी माणसांची, ती कशाला घ्या, आपली माणसं मोजू, असं मीच म्हणाले, आणि तिथेच माती खाल्ली. पुरुषांची बसल्याजागची मापं मी घेणं बरं दिसेना, म्हणून टेप जोडीदाराच्या हातात दिली. हा बाबा रविवारी गावाला गेला आणि सरळ तालमीत जाऊन सगळे पैलवान मोजून आला. का रे बाबा? तर म्हणे, "आगं, दुसरी माणसं मोजू देत न्हाईत, लाजत्यात. पैलवान कसा, उभा ऱ्हा म्हटलं की उभा ऱ्हातो, बस म्हटलं की बसतो." मी चिडून हॉस्टेलच्या अकरा मुली मोजल्या, तर सर म्हणाले, "मुली थोड्याच गाडी चालवणार आहेत?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आणि वर्कशॉपच्या मिस्त्रीनं पैलवानांच्या मापानं खुर्ची केली. खुर्ची कसली, दिवाणच तो. मी बसले तर दोन्ही बाजूंना एकेक पाहुणा बसेल एवढी जागा. लाकूड संपलं होतं, त्यामुळे दुसरी करायचा प्रश्नच नव्हता. जोडीदार तिच्यात ऐसपैस बसला आणि म्हणाला, "लय भारी जमलीया."

बाकीचं मात्र खरंच बरं जमलं. कॉलेजच्या लांब व्हरांड्यात आम्ही लोखंडी पट्ट्यांचे सहा-सहा फुटी दहा तुकडे जोडून रूळ टाकला. त्यावर एक ट्रॉली, पोटात बॅटरी आणि मोटर, मागे वायरींचं शेपूट. शेपूट खिडकीतून आत प्रयोगशाळेत, तिथे टेबल, टेबलावर टीव्ही. वेग वाढवायच्या दांड्याला मामानं आठ खाचा पाडून घेतल्या, खऱ्या इंजिनासारख्या, प्रत्येक खाचेला खट्ट आवाज पाहिजे म्हणून हट्ट धरून बसला. आणि पायाशी पेडल. हे पेडल माझा जीव की प्राण. ड्रायव्हरनं ते सतत दाबून ठेवायचं. त्याला भोवळ आली, तो उठून गेला, पाय सुटला, की गाडी आपोआप बंद. पेडल किती उंच, किती कोनात, यावर मी बावीस पानं लिहिली होती.

ट्रॉलीवर कॅमेरा हवा होता. तो आम्ही लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका भाऊंकडून मागून आणला. उन्हाळ्यातल्या तिथी सोडून कधीही न्या म्हणाले, मनाचे मोठे. फक्त त्या कॅमेऱ्यात कुठल्याशा लग्नाची पाटी अडकून बसली होती, ती निघत नव्हती. खुद्द भाऊंनाच निघत नव्हती. त्यामुळे टीव्हीवर रूळ दिसायचा आणि त्याच्या बरोबर मधोमध, चार गुलाबांच्या वेलबुट्टीत, 'शुभविवाह'.

तर पहिली चाचणी. सर आले, कौतुकानं खुर्चीत बसले, दांडा पुढे ढकलला. खट्ट. गाडी ढिम्म. दुसरी खाच, तिसरी खाच. काही नाही. सर म्हणाले, "मोटर बघा." आम्ही मोटर उघडली. मोटर ठणठणीत. बॅटरी बघितली, वायरी बघितल्या, सगळ्या सोडून परत जोडल्या. आम्ही चालवली की चालायची, सर बसले की बंद. दोन दिवस आम्ही त्या मोटरचे हाल केले. जोडीदार तर म्हणायला लागला की सरांचा हात जड आहे, आणि मला ते पटायलाही लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी मामा दारात उभा राहून बघत होता. सर बसले, चपला सोडल्या, दांडा धरला. गाडी ढिम्म. मामा म्हणाला, "पोरी, तुझ्या सरांचे पाय कुठं हायत?"

मी खाली वाकून बघितलं. खाली पायच नव्हते. नुसत्या चपला. सर खुर्चीवर छान मांडी घालून बसले होते.

आता काय बोलायचं? एवढी रुंद बैठक समोर दिसल्यावर आपल्याकडचा कुठला माणूस पाय खाली सोडून बसेल? आम्ही मग शिपायाला बसवलं, त्यानं मांडी घातली. मिस्त्रीला बसवलं, मांडी. ग्रंथपालबाई आल्या, त्यांनीही पदर सावरून मांडी घातली आणि वर विचारलं, "पुढे टीव्हीवर काय लागणारे?" पैलवानांच्या मापानं खुर्ची केली आणि गोऱ्या माणसाच्या पायांसाठी पेडल. माझी बावीस पानं गेली चुलीत. मी रडले. खोटं कशाला सांगू, मुसमुसून रडले, रागानं.

मामानं माझ्याकडे बघितलं, मग खुर्चीत चढून स्वतः मांडी घालून बसला. "कंबर दुखंना झाली की गं," म्हणाला, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मग उजव्या गुडघ्यावर थाप मारली. "हा बघ, हा कसा खाली टेकतो. पेडल हितं लाव. माणूस उठला की गुडघा उठणार, गुडघा उठला की गाडी थांबणार. पायाला कशाला आमंत्रण?"

खुर्चीच्या बैठकीवर उजव्या बाजूला आम्ही पत्र्याची पाटी लावली, तिला स्प्रिंग, आणि समोर एक हिरवा दिवा. गुडघा टेकला की दिवा लागायचा, उचलला की विझायचा. मी परत पानं लिहिली, मथळा दिला 'मांडीस्थ चालकासाठी गुडघा-पेडल'. टाइप करणारा माणूस हसून हसून चुकला आणि त्यानं तीन पानं परत टाइप केली.

पण मामाचं समाधान होईना. गाडी पुढे-मागे चालवायचा आणि तोंड वाकडं करायचा. "मेल्यागत चालती. गाडी काय नुसती डोळ्यांनी चालवत्यात व्हय? गाडी बुडाला कळती. रुळाचा सांधा आला की खालनं ठोका बसतो. त्यावर आमी सांगतो, कुठं आलो ते." हे ऐकून जोडीदारानं खुर्चीखाली मामीचा मिक्सर बांधला. मामा बसला, बटण दाबलं, आणि खुर्ची मामासकट दाराकडे चालायला लागली. मामा दात वाजवत ओरडत होता, "बं-बं-बंद कर रं!" मामीला मिक्सरचं कळलं तेव्हा आम्हाला आठवडाभर पाट्यावर वाटलेली चटणी मिळाली, ती आम्हालाच वाटायला लागली.

शेवटी जमलं ते असं. भंगारात कॉलेजची जुनी विजेची घंटा होती, तिचा हातोडा आम्ही बैठकीखाली बसवला. ट्रॉलीखाली एक स्प्रिंगची पट्टी, ती रुळाच्या प्रत्येक सांध्यावर टेकायची, टेकली की इकडे खुर्चीखाली ठक्. दहा तुकडे, नऊ सांधे, नऊ ठोके. मामा बसला. ठक्. ठक्. ठक्. त्याचा चेहराच बदलला. तो एकदम खिडकीकडे झुकला, अर्धं अंग बाहेर काढायला, आणि पलीकडे खिडकी नव्हती म्हणून टेबलावर आपटला.

तोंडी परीक्षेची तारीख लागली आणि मी कपाळाला हात लावला. मामाचा नोकरीतला शेवटचा दिवस तोच. सकाळी झेंड्यांच्या खोलीत चहा, हार, फोटो, आणि मग रिकामा. मी मामीला गाठून तारीख सांगितली. मामी भाकरी थापता थापता थांबली. "किती लांब जाती म्हणालीस तुमची गाडी?"

"साठ फूट."

"बास झाली की," मामी म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेले परीक्षक किडकिडीत आणि शिस्तीचे. टीव्हीकडे बघून त्यांचा पहिला प्रश्न, "लग्न कुणाचं आहे?" दुसरा प्रश्न विचारायच्या आत व्हरांड्यात गलका झाला. पुढे मामी, इरकली साडीत, हातात ओवाळायचं ताट. मागे मामासोबतचे सात-आठ ड्रायव्हर, एकाच्या गळ्यात हलगी, दोघांच्या हातात केळीचे खुंट. माझ्या वडिलांनी साताऱ्याहून कंदी पेढ्यांचे दोन खोके पाठवले होते, तेही. आणि मामा सगळ्यांत मागे, युनिफॉर्म इस्त्रीचा, बूट चकाचक, चेहरा असा की हे लोक कोण ते मला माहीत नाही.

"हे काय चाललंय?" परीक्षक म्हणाले.

सर घाबरून म्हणाले, "चाचणी." सरांना मी तेवढ्यासाठी सगळं माफ केलं. त्या अकरा मुलींसकट.

खुंट बांधले, ट्रॉलीला झेंडूची माळ घातली, नारळ फुटला. मामी पार पलीकडच्या टोकाला, दहाव्या तुकड्याच्या शेवटी जाऊन उभी राहिली. तिथे आम्ही खडूनं फलाट काढला होता. मामा आत गेला, दार लावलं. जोडीदार शेजारी, असिस्टंट म्हणून. मी व्हरांड्यात हिरवी झेंडी दाखवली आणि धावत आत आले.

मामा खुर्चीत ताठ बसला होता, पाय खाली, बूट जुळवलेले. तोंडानं म्हणाला, "सिग्नल हिरवा." जोडीदार म्हणाला, "हिरवा!" मामानं दांडा ढकलला. खट्ट. गाडी ढिम्म.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"आवं मामा," जोडीदार कानाशी कुजबुजला, "मांडी!"

"युनिफॉर्मात?"

"घाला की आता!"

मामानं बूट काढले. नाड्या घट्ट होत्या, त्यात गाठ बसली, जोडीदार खाली बसून दातांनी सोडवायला लागला. बाहेर हलगी वाजतच होती. परीक्षक माझ्याकडे वळले, "आणि चालकाला मांडी घालूनच झोप लागली तर?" मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "सायेब, मांडी घालून कोण झोपतंय?"

"कीर्तनात झोपतात की."

"कीर्तनात खालनं कुणी ठोकत न्हाई."

मांडी बसली, गुडघा टेकला, हिरवा दिवा लागला. खट्ट. बाहेर ट्रॉली हलली आणि हलगीवाल्याला चेव चढला. ठक्, पहिला सांधा. ठक्, दुसरा. आणि त्या हिसक्यानं ट्रॉलीवरची झेंडूची माळ घसरली आणि थेट कॅमेऱ्यावर आली. टीव्ही पूर्ण केशरी. वर 'शुभविवाह', चार गुलाब, खाली झेंडू. रूळ नाही, फलाट नाही, काही नाही.

"थांबवा," परीक्षक म्हणाले, "पलीकडे बाई उभ्या आहेत."

ट्रॉली काही जीव घेण्याएवढी नव्हती, पण नडगी फोडण्याएवढी होती, आणि मामी जागची हलणारी बाई नव्हे. मी दाराकडे धावणार, तेवढ्यात मामा म्हणाला, "थांब पोरी." अगदी हळू. "आदर्कीच्या घाटात धुक्यात काय करतो आमी?" आणि त्यानं डोळेच मिटून घेतले. तोवर आणखी दोन ठोके होऊन गेले होते.

ठक्. "पाच," मामा म्हणाला. जोडीदार म्हणाला, "पाच!" ठक्. "सहा." मामानं दांडा एक खाच मागे घेतला. सात. आणखी एक खाच. आठ. परीक्षकांचं पेन हवेत. ठक्. "नऊ," मामा म्हणाला, दांडा शून्यावर आणला आणि हात मांडीवर ठेवले.

बाहेर हलगी थांबली. मामानं डोळे उघडले नाहीत. दाराच्या दिशेनं मान करून मोठ्यांदा विचारलं, "आली का गं गाडी?"

व्हरांड्यातून मामीचा आवाज आला, "आली. पायाशी आली. वेळेवर आली!"

मी बाहेर बघितलं. ट्रॉली मामीच्या पावलांपासून वीतभर अंतरावर उभी होती आणि मामी तिला ओवाळत होती. बॅटरीला, मोटरला, वायरींच्या शेपटाला, सगळ्याला कुंकू लावत होती. भाऊंच्या कॅमेऱ्यालाही लावलं, ते पुढे बरेच दिवस निघालं नाही. ड्रायव्हर मंडळी आत घुसली, मामाला खांद्यावर घ्यायला. परीक्षकांच्या हातात कुणीतरी पेढा ठेवला आणि त्यांनी तो मुकाट्यानं खाल्ला.

मामा मात्र उठेना. गाडी थांबली होती, काम झालं होतं, पण गुडघा पाटीवर तसाच दाबलेला आणि समोर हिरवा दिवा तसाच. जोडीदार म्हणाला, "मामा, चला की. लोक थांबलेत."

"थांब जरा," मामा म्हणाला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नव्या पानांत मीच लिहिलं होतं, गुडघा उचलला की गाडी बंद. मी सगळ्यांना हातानं मागे सरायला सांगितलं. परीक्षकसुद्धा सरले.

ताट घेऊन मामी आत आली. मामानं तिच्याकडे न बघता सांगितलं, "पायाला मुंग्या आल्यात. उठवंना."

मामीनं ताट टेबलावर ठेवलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आवं, मुंग्या पायाला आल्यात, तर डोळ्यांतनं पाणी कशाला काढताय?" मग तिनं स्वतःच्या हातानं त्याचा गुडघा उचलला, आणि दिवा विझला.